रूटचा पासवर्ड न देता सिस्टिमचा बॅकअप: साध्या युजरकडे काम कसं सोपवायचं

सर्व्हर उदगीरच्या पतसंस्थेत आणि तो सांभाळणारा माणूस लातुरात किंवा थेट छत्रपती संभाजीनगरात, ही मांडणी मराठवाड्यात नवी नाही. बॅकअप घ्यायची नेमकी वेळ मात्र जागेवरच्या माणसालाच कळते. दिवसाचे व्यवहार बंद झाले का, बाहेरची डिस्क बदलली का, आज दुपारी लाईट जाणार आहे का, हे उंटावरून शेळ्या हाकून समजत नाही. म्हणून काम तिथल्या लिपिकाकडे किंवा लॅब असिस्टंटकडे द्यावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. युनिक्समध्ये सगळ्यांच्या सगळ्या फाइली फक्त रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, वाचू शकतो. मग रूटचा पासवर्ड द्यायचा का?

द्यायचा नाही. बॅकअप चालवायचा अधिकार द्या, बॅकअप उघडून वाचायचा देऊ नका. हे दोन अधिकार वेगळे करता येतात, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. बॅकअपच्या फाइलीत पासवर्डचे हॅश असलेली शॅडो फाइल असते, एसएसएचच्या खासगी किल्ल्या असतात, सभासदांची खाती असतात. ज्याला ती फाइल उघडता येते, त्याला रूट व्हायला फार अवधी लागत नाही.

वाचण्याआधी एक सूचना: कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. सगळं वर्णन उबंटू, डेबियन आणि रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सला धरून आहे. बीएसडी आणि सोलारिसची पद्धत पायरी ७ नंतर आहे.

आधी जवळ काय हवं

- रूटचा प्रवेश, फक्त ही मांडणी करण्यापुरता
- मशीनवर सुडो (ठरावीक कमांड रूट म्हणून चालवू देणारा), टार (अनेक फाइली एका फाइलीत बांधणारा), जीपीजी (फाइल कुलूपबंद करणारा) आणि एफलॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारा) (बहुतेक लिनक्सवर असतातच, तरी पाहून घ्या)
- बाहेरच्या दोन डिस्क, ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेल्या. दुकानातून आलेली डिस्क किंवा पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि बॅकअप मध्येच तुटतो
- जीपीजीच्या किल्ल्यांची जोडी, दुसऱ्या मशीनवर तयार केलेली
- चालू यूपीएस. त्याची बॅटरी किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून मोजा, डब्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका

पायरी १: नेमकं काय द्यायचंय ते ठरवा

संपूर्ण सिस्टिमचा बॅकअप हवा, की फक्त हिशेबाच्या एका फोल्डरचा? पुष्कळ ठिकाणी दुसरंच पुरतं, आणि मग सुडोची गरजच नाही. त्या फोल्डरवर एसीएल (नेहमीच्या परवानग्यांना जोडून दिलेली वेगळी परवानगी) लावा. सेटएफएसीएल कमांडने ग्रुपला फक्त वाचायची परवानगी द्या आणि नव्याने येणाऱ्या फाइलींसाठी तीच परवानगी डिफॉल्ट एसीएल म्हणूनही लावा. यातली खोच अशी की एखादा प्रोग्राम ०६०० परवानगीने फाइल तयार करत असेल, तर एसीएलचा मास्क (परवानगीची कमाल मर्यादा) रिकामा होतो आणि ग्रुपला दिलेली परवानगी नावापुरती उरते. गेटएफएसीएल चालवा. ओळीपुढे "इफेक्टिव्ह" म्हणून तीन आडव्या रेघा दिसल्या तर हेच झालंय.

संपूर्ण सिस्टिमच हवी असेल तर पुढे जा. पण जुन्या चर्चांमधून सुचवले जाणारे हे तीन शॉर्टकट टाळा:

डिस्क ग्रुप. युजरला "डिस्क" ग्रुपमध्ये टाकलं की तो कच्ची डिस्क वाचू शकतो, आणि डेबियन-उबंटूवर लिहूही शकतो. डीबगएफएस (कच्ची डिस्क तपासायचा प्रोग्राम) उघडून शॅडो फाइल बाहेर काढता येते. हा मागच्या दाराने दिलेला रूटच आहे. डॉकर ग्रुपचंही तेच.

सेटयूआयडी (कुणीही चालवलं तरी मालकाचे अधिकार देणारा बिट) लावलेली स्क्रिप्ट. लिनक्सचा कर्नल स्क्रिप्टवरचा सेटयूआयडी बिट मानतच नाही, त्यामुळे ती साध्या युजरच्याच अधिकारांनी चालते आणि काम होत नाही. मग कुणीतरी टारवरच तो बिट लावतो, आणि मशीनवरचा प्रत्येक युजर हवी ती फाइल वाचायला आणि बदलायला मोकळा होतो.

सुडोमध्ये थेट टारला परवानगी. हा सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत फसवा. टारला "चेकपॉइंट-अ‍ॅक्शन" नावाचा पर्याय आहे, त्यातून टार मध्येच दुसरी कमांड चालवतो. सुडोखाली ती कमांड म्हणजे रूटचं शेल. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकच्या "-ई" पर्यायातूनही असंच होतं. परवानगीत तारांकन टाकून "फक्त बॅकअपचे पर्याय" अडवता येतील असं वाटतं, पण सुडोचं तारांकन पर्यायांच्या जागी मोकळ्या जागा, रेघा, सगळं गिळतं.

पायरी २: ग्रुप तयार करा

ग्रुपला "बॅकअप" हे नाव देऊ नका. डेबियन आणि उबंटूवर त्या नावाचा युजर आणि ग्रुप आधीपासून असतो, क्रमांक ३४, आणि सिस्टिमची स्वतःची कामं त्यावर चालतात. आपण "बॅकअपऑप" म्हणू.

ग्रुपअ‍ॅड बॅकअपऑप
युजरमॉड -एजी बॅकअपऑप लिपिक

दुसऱ्या ओळीत "ए" लहान आणि "जी" मोठा. "ए" विसरला तर लिपिक बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर फेकला जातो. प्रिंट होत नाही, शेअर फोल्डर उघडत नाही अशा तक्रारी दुसऱ्या दिवशी आल्या तर आधी इथे बघा. ग्रुप लागू व्हायला युजरने लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावं लागतं. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुन्याच ग्रुपांवर चालतं.

प्रत्येकाला स्वतःचं लॉगइन द्या. "ऑफिस" नावाचं एकच खातं चौघांनी वापरलं, तर लॉगमध्ये चौघांचं एकच नाव येतं आणि चौकशीच्या वेळी कुणीच सापडत नाही.

पायरी ३: स्क्रिप्ट लिहा

सगळा भार या पायरीवर आहे. काय, कुठून, कुठे, कोणत्या पर्यायांनी, हे सगळं स्क्रिप्टमध्ये कायमचं लिहिलेलं हवं. युजरकडून ती काहीही विचारत नाही: फाइलचं नाव नाही, फोल्डर नाही, पर्याय नाही. कमांड दिली की बॅकअप सुरू, इतकंच.

जागा: /यूएसआर/लोकल/एसबिन/सिस्टिम-बॅकअप. मालक रूट, परवानगी ०७५५. फाइल जशी रूटची हवी तसे तिच्यापर्यंतचे सगळे फोल्डरही फक्त रूटला लिहिता येणारे हवेत. फोल्डर दुसऱ्याला लिहिता येत असेल, तर तो तुमची स्क्रिप्ट पुसून त्याच नावाची आपली ठेवू शकतो. जुन्या डेबियनवर /यूएसआर/लोकल हे "स्टाफ" ग्रुपला लिहिता येतं, ते तपासा. स्क्रिप्ट युजरच्या होम फोल्डरमध्ये ठेवायची तर चर्चाच नको.

स्क्रिप्टमध्ये क्रमाने काय यावं:

सुरुवातीला मोठ्या अक्षरांतला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) स्वतः ठरवा, फक्त /यूएसआर/एसबिन, /यूएसआर/बिन, /एसबिन आणि /बिन. लगेच यूमास्क ०७७, म्हणजे तयार होणारी प्रत्येक फाइल फक्त रूटला वाचता येईल.

मग एफलॉक -एन. एकाच वेळी दोन बॅकअप सुरू झाले तर दुसरा तिथेच थांबतो. "काही होत नाहीये" म्हणून लोक कमांड पुन्हा पुन्हा देतात, त्याला हा उपाय.

मग डिस्क. स्क्रिप्टनेच ती यूयूआयडीवरून (डिस्कच्या ओळख क्रमांकावरून) माउंट करावी, म्हणजे सिस्टिमला जोडावी, आणि शेवटी स्वतःच काढावी. माउंट झाल्यावर "माउंटपॉइंट -क्यू" ने खात्री करा, नाहीतर बाहेर पडा. ही एक ओळ गाळली तर काय होतं? डिस्क लावलेली नसते, /एमएनटी/बॅकअप हा नुसता रिकामा फोल्डर असतो, आणि पूर्ण बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर जाऊन बसतो. रूटची डिस्क शंभर टक्के भरते, डेटाबेस बंद पडतो, आणि बॅकअपमुळेच ऑफिस ठप्प होतं.

मग डेटाबेस. चालू असलेल्या मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसच्या फाइली तशाच उचलल्या तर त्या अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या निघतात आणि रिस्टोरच्या दिवशी दगा देतात. आधी डंप (डेटाबेसची एकसंध प्रत) काढा: इनोडीबीसाठी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण-प्रकार) मायएसक्यूएलडंप "--सिंगल-ट्रान्झॅक्शन" लावून, पोस्टग्रेससाठी पीजी_डंप. पोस्टग्रेस १४ पासून "पीजी_रीड_ऑल_डेटा" ही तयार भूमिका मिळते, त्यामुळे डंपसाठी सुपरयुजर लागत नाही. इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांची यादीही एका फाइलीत काढून ठेवा. मशीन नव्याने उभारताना तिची किंमत कळते.

मग टार:

टार --वन-फाइल-सिस्टिम --एसीएल्स --एक्सअ‍ॅटर्स --न्यूमेरिक-ओनर -सीझेडएफ - /ईटीसी /होम /एसआरव्ही /रूट

डंपचा फोल्डर या यादीत घालायला विसरू नका. "वन-फाइल-सिस्टिम" मुळे प्रॉक, सिस वगैरे आभासी फोल्डर टळतात. पण नुसतं / दिलं आणि होम वेगळ्या पार्टिशनवर असलं, तर होम गुपचूप सुटतं, म्हणून प्रत्येक फोल्डरचं नाव लिहिलेलं बरं. "न्यूमेरिक-ओनर" मालकाचा क्रमांक जपतो. दुसऱ्या मशीनवर तीच नावं वेगळ्या क्रमांकांची असू शकतात.

टारचं आउटपुट थेट जीपीजीत जातं. पुढची पायरी त्यावरच आहे. फाइलीला आधी शेवटी "पार्ट" असलेलं तात्पुरतं नाव द्या आणि सगळं नीट संपल्यावरच एमव्ही करून खरं नाव द्या. लाईट मध्येच गेली तर अर्धवट फाइल "पार्ट" म्हणूनच पडून राहते, पूर्ण समजून कुणी फसत नाही.

टारने परत दिलेला आकडाही पाहा. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे वाचता वाचता एखादी फाइल बदलली (चालू मशीनवर हे होणारच, नोंद करून पुढे जा), २ म्हणजे खरी चूक. पाइपमध्ये बॅश फक्त शेवटच्या कमांडचा आकडा देतो, म्हणजे जीपीजीचा. टारचा आकडा मोठ्या अक्षरांतल्या पाइपस्टेटस या यादीत मिळतो आणि तो लगेच पुढच्याच ओळीत वाचावा लागतो. बॅकअप महिनोन्‌महिने रिकामा जात असतो आणि स्क्रिप्ट "यशस्वी" म्हणत राहते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

शेवटी एक नोंद: तारीख, फाइलचा आकार, निकाल. ही छोटी लॉग फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवा. लिपिकाला दिसावं लागणारं एवढंच. मॉनिटर थेट सर्व्हरला लावलेला असेल तर संदेश रोमन अक्षरांत लिहा. लिनक्सच्या काळ्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही, चौकोन दिसतात, आणि फोन तुम्हालाच येतो.

पायरी ४: बॅकअप कुलूपबंद करा

डिस्क कुणाच्या तरी पिशवीतून घरी किंवा दुसऱ्या शाखेत जाणार, हे धरूनच चला. ती दुसऱ्या लॅपटॉपला लावली की तिथला रूट सगळं वाचतो. परवानग्या फक्त आपल्या मशीनवर चालतात.

म्हणून जीपीजीची फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर आयात करा. तिने फाइल बंद करता येते, उघडता येत नाही. खासगी किल्ली सर्व्हरवर कधीच येऊ देऊ नका. ती पासफ्रेजसह दोन वेगळ्या जागी ठेवा, एक तुमच्याकडे, एक संस्थेच्या तिजोरीत. दोन्ही हरवल्या तर बॅकअप कायमचा गेला. कुठलंही दुकान तो उघडून देणार नाही.

स्क्रिप्टमध्ये जीपीजीला "--बॅच" सोबत "--ट्रस्ट-मॉडेल ऑलवेज" द्या. नाहीतर ही किल्ली त्याच व्यक्तीची आहे याची खात्री नाही म्हणून जीपीजी थांबतो, आणि प्रश्न विचारायला समोर कुणी नसल्याने बॅकअप होत नाही. फाइल आधी दाबायची (कॉम्प्रेस करायची), मग बंद करायची, हा क्रम पाळा. बंद झालेला डेटा पुन्हा दाबला जात नाही.

पायरी ५: सुडोची परवानगी

सुडोअर्सची फाइल साध्या एडिटरने कधीच उघडू नका. एक स्वल्पविराम चुकला तरी सुडो पूर्ण बंद पडू शकतो, आणि उबंटूवर रूटला पासवर्ड नसल्याने तुम्ही बाहेरच राहता. व्हिसुडो वापरा, तो सेव्ह करण्याआधी तपासतो:

व्हिसुडो -एफ /ईटीसी/सुडोअर्स.डी/बॅकअपऑप

फाइलीत एकच ओळ (ऑल मोठ्या अक्षरांत):

%बॅकअपऑप ऑल=(रूट) /यूएसआर/लोकल/एसबिन/सिस्टिम-बॅकअप ""

शेवटची रिकामी दोन अवतरणचिन्हं विसरू नका. त्यांचा अर्थ "एकही पर्याय चालणार नाही". ती नसतील तर युजर कमांडच्या पुढे वाटेल ते लिहू शकतो. अशा ओळीवर सुडो युजरचा स्वतःचा पासवर्ड विचारतो, रूटचा नव्हे, आणि माणूस की-बोर्डवर बसला असेल तर तो विचारू द्यावा. नोपासडब्ल्यूडी (पासवर्ड न विचारण्याचा पर्याय) लावायचा मोह बाजूला ठेवा. उघडं सोडून चहाला गेलेलं टर्मिनल प्रत्येक ऑफिसात असतं.

दोन खड्डे. सुडोअर्स.डी मधल्या फाइलीच्या नावात टिंब असेल किंवा शेवटी लहरी रेघ असेल, तर सुडो ती फाइल वाचतच नाही, तक्रारही करत नाही. "बॅकअपऑप.कॉन्फ" हे नाव म्हणूनच चालत नाही. आणि एकाच युजरला दोन ओळी लागू होत असतील, तर शेवटची ओळ जिंकते.

पायरी ६: तोडून बघा

लिपिकाच्या लॉगइनने "सुडो -एल" चालवा. यादीत फक्त ही एक कमांड दिसली पाहिजे. मग मुद्दाम हे करून पाहा:

- स्क्रिप्टपुढे काहीही शब्द लिहा. नकार यायला हवा
- डिस्क न लावता चालवा. स्वच्छ संदेश देऊन थांबायला हवी
- दोन टर्मिनलवरून एकदम चालवा
- लिपिक म्हणून बॅकअपची फाइल उघडायचा प्रयत्न करा
- बॅकअप चालू असताना डिस्कची वायर काढा. ही चाचणी रिकाम्या, चाचणीच्या डिस्कवरच

सुडोचा प्रत्येक प्रयत्न डेबियन-उबंटूवर /व्हार/लॉग/ऑथ.लॉग मध्ये आणि रेड हॅटवर /व्हार/लॉग/सिक्युअर मध्ये उमटतो. तिथे नसेल तर जर्नलसीटीएलमध्ये पाहा.

बॅकअपला लागलेला वेळ यूपीएसच्या मोजलेल्या मिनिटांशी ताडून बघा. बॅकअप जास्त वेळ घेत असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण आणि रोज फक्त बदललेलं घ्या. टारचा "--लिस्टेड-इन्क्रिमेंटल" पर्याय यासाठीच आहे. त्याची स्नॅपशॉट फाइल रूटच्या जागेत जपा. ती हरवली की पुढचा बॅकअप पुन्हा पूर्ण होतो.

पायरी ७: रूटशिवाय चालणारा बॅकअप, हवा असल्यास

वरच्या पद्धतीत स्क्रिप्ट रूट म्हणूनच चालते. तेही नको असेल तर लिनक्सची केपेबिलिटी (रूटच्या अधिकारांपैकी एक सुटा अधिकार) वापरा. कॅप_डॅक_रीड_सर्च ही केपेबिलिटी असलेला प्रोग्राम कुठलीही फाइल वाचू शकतो, पण रूटसारखी बदलू शकत नाही.

रेस्टिकसारख्या बॅकअप प्रोग्रामच्या प्रतीवर सेटकॅपने ती लावायची पद्धत बरीच दिसते. माणसाच्या हाती असा प्रोग्राम देऊ नका. तो शॅडो फाइलचा बॅकअप स्वतःच्या रिपॉझिटरीत, स्वतःच्या पासवर्डने घेईल आणि लगेच रिस्टोर करून वाचेल. शिवाय प्रोग्राम अपडेट झाला की केपेबिलिटी उडते, नंतर चाऊन केलं (फाइलचा मालक बदलला) तरी उडते, आणि नोस्यूआयडीने माउंट केलेल्या पार्टिशनवर ती चालतच नाही.

त्याऐवजी लॉगइन नसलेला एक सेवा-युजर करा आणि सिस्टिमडीच्या (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिस फाइलीत त्याला अ‍ॅम्बियंटकेपेबिलिटीज (ए आणि सी मोठे) म्हणून ही एक केपेबिलिटी द्या. सोबत प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट (पी आणि सिस्टिमचा एस मोठा) लावा आणि लिहायला फक्त बॅकअपचा फोल्डर मोकळा ठेवा. माउंट करायला मात्र ही केपेबिलिटी पुरत नाही, ते काम सिस्टिमडीच्या माउंट युनिटकडे द्या. लिपिकाला सुडोमध्ये "सिस्टिमसीटीएल स्टार्ट" आणि त्या सर्व्हिसचं पूर्ण नाव, एवढीच ओळ द्या. "स्टेटस" देऊ नका. ते आउटपुट लेस या पेजरमध्ये उघडतं आणि त्यात उद्गारचिन्ह टाइप करून शेल मिळतं, तेही रूटचं. स्टेटस बघायला सुडो लागतही नाही.

एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरांवर) मात्र दोन्ही पद्धती अडखळतात. त्या फोल्डरांच्या सर्व्हरवर रूट-स्क्वॉश असेल तर तुमचा रूटही तिथे परका ठरतो. ते फोल्डर जिथे मुळात आहेत त्या मशीनवरच त्यांचा बॅकअप घ्या.

बीएसडी आणि सोलारिसवर

फ्रीबीएसडीवर डिस्कची उपकरणं "ऑपरेटर" ग्रुपला वाचता येतात, त्यामुळे त्या ग्रुपमधला युजर थेट डंप (तिथला बॅकअप प्रोग्राम) चालवू शकतो. चालू फाइल सिस्टिमसाठी मोठ्या "एल" चा पर्याय लावतात. हा ग्रुप मशीन बंदही करू शकतो आणि कच्ची डिस्क वाचतो, म्हणजे तोच जुना वाचनाचा धोका. ओपनबीएसडीवर डूअसच्या (सुडोच्या तिथल्या पर्यायाच्या) नियमात कमांडनंतर नुसतं "आर्ग्ज" लिहून पुढे काही न देणं हे सुडोच्या रिकाम्या अवतरणांसारखंच काम करतं. सोलारिसची मांडणी या सगळ्यांत शहाणी: तिथे "मीडिया बॅकअप" आणि "मीडिया रिस्टोर" हे दोन वेगळे हक्क-प्रोफाइल आहेत. युजरला पहिलं द्या, कमांड पीएफएक्झेकमधून चालते.

पायरी ८: रिस्टोर तुमच्याकडेच

रूट म्हणून रिस्टोर करणारा माणूस सिस्टिममधली कुठलीही फाइल बदलू शकतो. मनासारखी सुडोअर्स फाइल घातलेला टार तयार केला आणि उलगडला की काम झालं. म्हणून रिस्टोरची स्क्रिप्ट युजरला देऊ नका. एखादी फाइल चुकून पुसली गेली तर तुम्ही ती वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडून, पाहून, मग जागेवर ठेवा. टार साध्या युजरने उलगडला तर सगळ्या फाइलींचा मालक तोच होतो, हेही लक्षात असू द्या.

महिन्यातून एकदा एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर पूर्ण उलगडा, डेटाबेसचा डंप चढवा आणि एखादं खातं उघडून बघा. "टार -टीझेडएफ" ने यादी दिसली म्हणजे बॅकअप चांगला, असं धरू नका. यादी दाखवताना डंप आतून अर्धा आहे का, हे टारला कळत नाही.

माणसाची बदली झाली तर त्याच दिवशी "जीपासडब्ल्यूडी -डी लिपिक बॅकअपऑप" चालवा आणि त्याची उघडी सत्रं बंद करा. ग्रुपमधून काढलं तरी उघड्या सत्राकडे जुना ग्रुप तसाच राहतो.